परदेशी शिका; पण स्वतःविषयी शिकू नका!



अनुसूचित जातींच्या मुलांना आम्ही सरकारी खर्चाने परदेशी शिकावयास पाठवितो, असे दिल्लीचे सरकार वेळोवेळी अभिमानाने सांगत असते. हे सांगणे खोटे नाही. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीची योजना १९५४-५५ सालापासून चालू आहे आणि तिच्या आधाराने ज्यांच्या घराण्यात कोणी तालुक्याचे गाव ओलांडले नव्हते, अशा घरांतील मुलेमुली इंग्लंड-अमेरिकेच्या विद्यापीठांत जाऊन आली आहेत. त्याबद्दल आम्ही कृतघ्न नाही. परंतु कृतज्ञता म्हणजे मुकेपणा नव्हे. जो हात देतो तोच हात तोंडावर ठेवला जात असेल, तर तो बाजूस सारणे हे आपले कर्तव्य ठरते.

२०२२ सालच्या फेब्रुवारीत केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने ह्या शिष्यवृत्तीची नवी नियमावली जाहीर केली आणि तीत एक कलम घातले. भारतीय संस्कृती, भारतीय वारसा, भारताचा इतिहास आणि भारतासंबंधीचे सामाजिक अभ्यास ह्या विषयांवरील संशोधनास वा अभ्यासक्रमास ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, असा त्या कलमाचा आशय आहे. म्हणजे आपल्या मुलाने परदेशी जाऊन यंत्रे शिकावीत, औषधे शिकावीत, हिशेब शिकावा. त्याला आडकाठी नाही. परंतु माझ्या आजोबाच्या गळ्यात मडके कोणी अडकविले, का अडकविले आणि ते कोणत्या व्यवस्थेने टिकविले, हे मात्र त्याने सरकारी पैशावर परदेशी जाऊन शिकू नये.

पूर्वीच्या धर्मशास्त्रकारांनी समुद्रगमन निषिद्ध ठरविले होते. जो समुद्र ओलांडील तो बाटला, त्याने प्रायश्चित्त घ्यावे, असा त्यांचा दंडक होता. आजचे सरकार समुद्र ओलांडू देते. निषिद्ध केला आहे तो विषय!

कोणी म्हणेल की, एवढ्या मोठ्या योजनेतील एका कलमाविषयी इतका गहजब कशाला? ह्याचे उत्तर तर्काने देण्यापूर्वी आम्ही इतिहासाने देतो. कारण तो इतिहास आपणा सर्वांच्या घरात भिंतीवर तसबिरीच्या रूपाने टांगलेला आहे.

१९१३ सालच्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी आंबेडकर वारले. मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवी घेतलेला त्यांचा मुलगा त्या वेळी बावीस वर्षांचाही झालेला नव्हता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी त्याला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावयाची, ह्या त्या कराराच्या अटी. त्याच वर्षीच्या जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथे त्यांना काय मिळाले? पहिली गोष्ट म्हणजे माणुसकी. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत बसावयास घरून गोणपाट न्यावे लागत होते आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडीपर्यंत ताटकळावे लागत होते, तो तेथे वसतिगृहात इतरांच्या पंक्तीस बसून जेवला. त्याच्याबरोबर एका खोलीत राहणारे नवल भथेना नावाचे पारशी गृहस्थ त्याचे जन्माचे मित्र झाले. दुसरी गोष्ट म्हणजे ग्रंथालय. तिसरी गोष्ट म्हणजे जॉन ड्यूई, सेलिग्मन, गोल्डनवायझर ह्यांच्यासारखे गुरू, जे विद्यार्थ्याला त्याची जात न विचारता त्याचे मत विचारीत होते.

आणि ह्या विद्यार्थ्याने तेथे अभ्यास कशाचा केला? त्याने प्राचीन भारतीय वाणिज्यावर लिहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यकारभारावर व वित्तव्यवस्थेवर लिहिले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर प्रबंध लिहिला. आणि ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, प्राध्यापक गोल्डनवायझर ह्यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. तो पुढे १९१७ सालच्या मे महिन्यात 'इंडियन अँटिक्वेरी' ह्या नियतकालिकात छापला गेला.

त्या निबंधात काय होते, हे नव्याने दीक्षा घेतलेल्या प्रत्येक घराने एकदा तरी समजून घेतले पाहिजे. जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, असे त्यांनी दाखविले. जातीची भिंत अभंग ठेवावयाची तर विधवा आणि विधुर ह्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. आणि त्या प्रश्नाच्या सोडवणुकीसाठीच सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ह्या रूढी उपयोगात आल्या, असे त्यांनी मांडले. जाती कोणा एका मनूने निर्माण केल्या नाहीत. एका वर्गाने स्वतःची दारे बंद करून घेतली आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले, किंवा इतरांना ती दारे बंद सापडली, असे त्यांनी सिद्ध केले. जात ईश्वराने केली नाही, माणसांनी केली, असे एकदा ठरले म्हणजे ती माणसांना मोडताही येते, हे ओघानेच आले.

आता नवी नियमावली घ्या आणि ह्या विद्यार्थ्याचा अर्ज तिच्यासमोर ठेवा. प्राचीन भारतीय वाणिज्य? भारताचा इतिहास, अपात्र. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार? पुन्हा इतिहास, अपात्र. भारतातील जाती? भारतासंबंधीचा सामाजिक अभ्यास. तो तर ठळकपणे अपात्र! ज्या महापुरुषाच्या पुतळ्याला हार घालण्यासाठी मंत्रिमहोदय १४ एप्रिलला रांगेत उभे राहतात, तोच महापुरुष २२ वर्षांचा होऊन आज त्यांच्या कचेरीत आपला विषय घेऊन आला, तर त्याचा अर्ज परत करावा लागेल. ह्याहून मोठा विरोधाभास आम्ही तरी पाहिलेला नाही.

बडोद्याच्या महाराजांच्या करारात नोकरीची अट होती, विषयांची निश्चिती होती. पण आपल्या देशाच्या समाजाविषयी लिहू नये असा मज्जाव नव्हता. तसा मज्जाव असता तर वर सांगितलेले लेखन झालेच नसते. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील तो प्रबंध १९२५ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला तेव्हा बाबासाहेबांनी तो सयाजीराव महाराजांनाच अर्पण केला. एका संस्थानिकाने, परकीयांचे राज्य असताना, जो विश्वास एका अस्पृश्य विद्यार्थ्यावर टाकला, तो विश्वास स्वतंत्र भारताच्या लोकशाही सरकारला टाकता येऊ नये काय?

कोणी असेही समजेल की, परदेशी पदवी मिळाली म्हणजे झाले. विषय कोणता, ह्याला महत्त्व नाही. ह्या भ्रमाला उत्तरही त्याच चरित्रात आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धा सोडून १९१७ सालच्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांना परतावे लागले. ज्या बोटीवर त्यांचे ग्रंथ होते ती बोट महायुद्धात पाणतीर लागून बुडाली. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले. त्या संपूर्ण शहरात ह्या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला राहावयास एक खोली मिळेना. अखेर नाव बदलून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. आणि अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून हुसकून लावले. एक हिंदू मित्र व एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही निरनिराळी कारणे सांगून घरात घेण्याचे टाळले. बडोद्याच्या बागेत बसून त्यांनी अश्रू ढाळले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच्याच लेखणीने 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आत्मकथनात नोंदविला आहे. आणि ज्या कोलंबियाने त्यांना पदवी दिली, त्याच कोलंबियात ते आत्मकथन विद्यार्थ्यांना वाचावयास दिले जाते.

ह्यापासून बोध काय घ्यावयाचा? पदवी माणसाला पगार देते, मान देते, परंतु जात हिरावून घेत नाही. जात कोठून आली आणि कशावर उभी आहे, ह्याचे ज्ञानच तिच्या मुळावर घाव घालू शकते. बाबासाहेबांनी कोलंबियातून केवळ पदवी आणली असती, तर ते बडोद्याचे किंवा मुंबईचे एक मोठे अंमलदार होऊन निवृत्त झाले असते. त्यांनी प्रश्न आणला. १९१६ सालच्या निबंधातील प्रश्नाचे बोट धरून ते १९२७ साली महाडच्या तळ्यावर गेले. त्याच प्रश्नाने त्यांना १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा करावयास लावली. १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलन' ह्या न वाचलेल्या भाषणात जातीचा आधार धर्मशास्त्रांवरील श्रद्धेत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर लक्षावधी लोकांसह त्यांनी त्या श्रद्धेचा त्याग केला. निबंधापासून दीक्षेपर्यंत चाळीस वर्षे लागली. परंतु वाट एकच होती. आपण आज त्रिशरण म्हणतो, पंचशील घेतो, बावीस प्रतिज्ञा उच्चारतो, ह्याची पहिली नोंद एका परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत झालेली आहे. म्हणून हे कलम केवळ विद्यापीठात जाणाऱ्या थोड्या मुलांचा प्रश्न नाही. तो आपल्या धम्मदीक्षेच्या उगमाचा प्रश्न आहे.

आता सरकारी बाजूचे म्हणणे पाहू. भारताविषयीच्या अभ्यासाची साधने भारतातच विपुल आहेत, येथे विद्यापीठे आहेत, तज्ज्ञ आहेत; मग त्यासाठी परदेशी कशाला जावयाचे, असे समर्थन करण्यात आले. वरवर पाहता हा युक्तिवाद शहाणपणाचा वाटतो. परंतु तो तीन ठिकाणी मोडतो.

पहिले असे की, साधने भारतातच आहेत हे पूर्ण सत्य नव्हे. दीडदोनशे वर्षांच्या इंग्रजी अमलाचे प्रचंड दप्तर लंडनमध्ये आहे. 'इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स' म्हणून ओळखला जाणारा तो संग्रह ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेला आहे. समजा, आपल्यातील एखाद्या मुलीच्या मनात आले की, महार वतनाचा अभ्यास करावा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ज्या वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध विधेयक आणले आणि जे वतन पुढे १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याच्या कायद्याने संपले, त्या वतनाच्या जमिनींचे काय झाले, त्या कोणाच्या नावावर चढल्या, हे तिला शोधावयाचे आहे. इंग्रज सरकारने वतनाविषयी जे धोरण आखले त्याचे कागद तिला लंडनला पाहावे लागतील. नियमावली तिला सांगते: बाई, तुझ्या आजीच्या जमिनीची हकीकत शोधावयाची तर येथेच शोध, लंडनला जावयाचे तर दुसरा विषय घे.

दुसरे असे की, प्रश्न केवळ कागदपत्रांचा नसतो, मोकळेपणाचा असतो. ज्या खात्याच्या प्रमुखाला विद्यार्थ्याच्या आडनावावरून त्याची बुद्धी कळते, त्या खात्यात जातीवर प्रबंध लिहिणे म्हणजे पाटलाच्या वाड्यात बसून पाटलाविरुद्ध फिर्याद लिहिणे होय. येथेही थोर, निःपक्षपाती अध्यापक आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु शिष्याने गुरूच्या मेहरबानीवर अवलंबून राहावे हा न्याय नव्हे. घराबाहेर उभे राहिल्याशिवाय घर कोणत्या बाजूस कलले आहे ते दिसत नाही. परदेशी शिक्षणाचा खरा लाभ हाच आहे.

तिसरे आणि सर्वांत बोचणारे असे की, आपल्याविषयीचा अभ्यास परदेशात बंद झालेला नाही. बंद केला आहे तो फक्त आपल्यासाठी. एलिनॉर झेलियट ह्या अमेरिकन विदुषीने बाबासाहेब आणि महार चळवळ ह्यांवर प्रबंध लिहून १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. गेल ऑम्व्हेट ह्यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहून १९७३ साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि पुढे त्या सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या रहिवासी झाल्या. ह्या दोघींचे आपणावर उपकार आहेत आणि ते आम्ही आदराने मान्य करतो. पण मग प्रश्न असा उरतो की, अमेरिकेच्या मुलीने अमेरिकेत बसून आमच्या चळवळीचा अभ्यास केला तर ते ज्ञान; आणि आमच्या मुलीने त्याच वर्गात बसून तोच अभ्यास केला तर तो सरकारी पैशाचा अपव्यय? शिवाय ज्या बापाच्या खिशात पैसा आहे, त्याची मुलगी आजही ऑक्सफर्डला जाऊन भारतीय संस्कृती शिकू शकते. तिला कोणी अडवीत नाही. ही शिष्यवृत्ती मात्र वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असलेल्या कुटुंबांसाठी आहे. म्हणजे बंदी विषयावर नाही. बंदी आहे ती गरीब अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने तो विषय परदेशी शिकण्यावर. भारताचा इतिहास परदेशी बसून कोणी लिहावा, ह्याची ही नवी चातुर्वर्ण्यव्यवस्था झाली.

वकील ह्या नात्याने कायद्याचेही दोन शब्द सांगणे आम्हांस प्राप्त आहे. पैसा सरकारचा आहे, त्याने तो कोणत्या विषयावर खर्चावा हे सरकार ठरवील, असे म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. सरकारला प्राधान्य ठरविण्याचा अधिकार निःसंशय आहे. अमुक जागा शास्त्रशाखेस, तमुक जागा वैद्यकास, असे वाटप त्याने खुशाल करावे. परंतु सरकार हे खाजगी सावकार नव्हे. सरकारी लाभाचे वाटप मनमानी पद्धतीने करता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने रमणा दयाराम शेट्टी ह्यांच्या १९७९ सालच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. संविधानाचे १४ वे कलम असे सांगते की, सरकारने माणसामाणसांत किंवा विषयाविषयांत भेद केला तर त्या भेदाचा योजनेच्या हेतूशी बुद्धीला पटणारा संबंध असला पाहिजे. ह्या योजनेचा हेतू काय? संविधानाचे ४६ वे कलम तो सांगते: दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती व जमातींचे, शैक्षणिक हितसंवर्धन करावयाचे आणि सामाजिक अन्यायापासून त्यांचे संरक्षण करावयाचे. सामाजिक अन्यायाचा अभ्यास वर्ज्य केल्याने सामाजिक अन्यायापासून संरक्षण कसे होते, हे आम्हांस कोणी तरी समजावून द्यावे. प्राधान्य देणे वेगळे आणि बहिष्कार घालणे वेगळे. आणि बहिष्कार ह्या शब्दाचा अर्थ आपणास कोणी शब्दकोशातून शिकवावयास नको.

आणखी एक गोष्ट. जातीचा अभ्यास करणाऱ्याला घरी थांबविले आहे. पण जात काही घरी थांबलेली नाही. ती शिकलेल्या लोकांबरोबर विमानात बसून केव्हाच गेली. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाला २०१९ साली, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाला आणि ब्राऊन विद्यापीठाला २०२२ साली आपल्या नियमांत जातीवरून होणाऱ्या भेदभावास स्पष्ट बंदी घालावी लागली. २०२३ सालच्या फेब्रुवारीत सिएटल शहराने तसा ठराव कायद्याच्या रूपाने केला. अमेरिकेतील असे करणारे ते पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले विधेयक तेथील गव्हर्नरांनी नाकारले, आणि त्या विधेयकाला विरोध करणाऱ्यांत आपल्याच देशातून गेलेले लोक पुढे होते. म्हणजे आपला मुलगा परदेशी विद्यापीठाच्या वसतिगृहात उतरतो तेव्हा गोरा माणूस त्याला जात विचारीत नाही. विचारतो तो शेजारच्या खोलीतील देशबंधू. प्रथम आडनाव, मग गाव, मग आहार, अशा पायऱ्यांनी तो विचारतो. जातीला पारपत्र मिळाले. जातीचा शोध घेणाऱ्याला मात्र नाही!

कलमाइतकाच मुदतीचा प्रश्नही गंभीर आहे. ज्या देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे वीस कोटींहून अधिक आहे, तेथे ह्या शिष्यवृत्तीच्या जागा वर्षाला १२५ ठरविल्या आहेत. त्याही वेळेवर मिळण्याची शाश्वती नाही. २०२५ सालच्या जुलैच्या आरंभी निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी केवळ ४० जणांना पत्रे दिली गेली आणि बाकीच्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे देऊ, असे कळविण्यात आले. अशी पत्रे मागाहून निघाली तरी परदेशी विद्यापीठाचा प्रवेश कोणासाठी थांबत नाही. निवड करून दारात उभे करावयाचे आणि पैसा आल्यास आत घेऊ म्हणावयाचे, हा प्रकार साताऱ्याच्या शाळेतील त्या नळाची आठवण करून देतो. पाणी आहे, तहान आहे; पण शिपाई आला तर!

आता थोडे आपल्या स्वतःकडे पाहू. सरकारला दोष देऊन आपले कर्तव्य संपत नाही.

नव्याने दीक्षा घेतलेल्या पुष्कळ घरांत एक भीती असते. बौद्ध झालो म्हणजे मुलांची शिष्यवृत्ती जाईल, असे गावातील लोक मुद्दाम पसरवितात. ही भीती एके काळी खरी होती. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. म्हणून १९५६ नंतर धर्मांतरितांना केंद्राच्या सवलतींना चौतीस वर्षे मुकावे लागले. महाराष्ट्र राज्याने मात्र आपल्यापुरत्या सवलती दिल्या होत्या. १९९० साली संसदेने तो आदेश दुरुस्त केला आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा हक्क मान्य केला. तेव्हा दाखल्यावर बौद्ध लिहावयास कोणी भिऊ नये. मात्र जातीचा दाखला, धर्माची नोंद आणि शाळेतील नोंद ह्यांत विसंगती राहू देऊ नका. मूल पहिलीत असतानाच ती नीट करा. तेवीस वर्षांच्या मुलाच्या हातात परदेशी विद्यापीठाचे पत्र आल्यावर आजोबांचा दाखला शोधावयास निघणे, हे आपल्याच हाताने त्याचे पंख कापणे होय. महाराष्ट्र सरकारचीही अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात वेळेवर करा.

दुसरे, आपल्यापैकी सुस्थितीतील आईबाप मुलाला सांगतात की, समाजशास्त्र आणि इतिहास घेऊन पोट भरत नाही. तू संगणक घे. पोटाचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. दहापैकी नऊ मुलांनी खुशाल संगणक घ्यावा, वैद्यक घ्यावे. परंतु जो दहावा मुलगा किंवा जी दहावी मुलगी 'मला हे असे का झाले ते शिकावयाचे आहे' असे म्हणते, तिला अडवू नका. आपले दहाही जण आपल्या इतिहासाविषयी मुके राहिले, तर सरकारी कलमाची गरजच उरणार नाही. ते काम आपण घरीच करून ठेवलेले असेल.

तिसरे, जे परदेशी गेले आहेत आणि चांगल्या पगारावर स्थिरावले आहेत, त्यांना आमचा सवाल आहे. १९२० साली बाबासाहेब लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करावयास पुन्हा निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःच्या पगारातील शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज एवढेच भांडवल होते. मित्राने मित्राला हात दिला म्हणून १९२३ साली लंडन विद्यापीठाचे डॉक्टर ऑफ सायन्स आपल्यात आले. तुमच्यापैकी दहा जणांनी मिळून वर्षाला एका विद्यार्थ्याचा भार उचलणे अशक्य आहे काय? सरकार ज्या विषयाला पैसा देत नाही, त्या विषयाला समाजाने दिला पाहिजे. आणि समाज देतो म्हणून सरकारला मात्र मोकळे सोडता कामा नये.

सरकारपुढे आमच्या मागण्या तीनच आहेत. पहिली, भारताचा इतिहास, संस्कृती व समाज ह्यांच्या अभ्यासावरील बंदीचे कलम बिनशर्त रद्द करावे. दुसरी, निवड झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास प्रवेशाच्या मुदतीपूर्वी पत्र व पैसा मिळेल अशी तरतूद अंदाजपत्रकातच करावी. तिसरी, जागांची संख्या लोकसंख्येच्या व गरजेच्या मानाने वाढवावी. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन बाबासाहेबांनी सादर केले, त्यात परदेशी शिक्षणासाठी स्वतंत्र रकमेची मागणी त्यांनी केली होती. परकीय सरकारपुढे त्यांनी मागितले ते हक्क म्हणून मागितले. स्वकीय सरकारपुढे आपण भीक म्हणून का मागावे?

ज्या ज्या विहारात हा अंक वाचला जाईल, तेथे येत्या पौर्णिमेस वंदनेनंतर ह्या तीन मागण्यांचा ठराव करावा, त्यावर स्त्रीपुरुषांच्या सह्या घ्याव्यात आणि तो आपल्या भागातील खासदाराच्या हाती द्यावा. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा उमटवावा. त्या अंगठ्याचा इतिहास लिहावयास उद्या त्याच घरातील मुलगी लंडनला गेली पाहिजे, आणि तिला जाण्यापासून कोणत्याही कलमाने रोखता कामा नये.

जय भीम! नमो बुद्धाय!